हिरडा, उंदीर आणि घाटघरची प्रांजल

माझं आपटाळ्यात औषधाचं दुकान आहे. जुन्नरहून नाणेघाटाकडं जाताना आपटाळं लागतं, आणि घाटघरच्या माणसांना गोळी-बाटली पाहिजे असली की ती माझ्याकडंच येतात. प्रांजल उतळेला मी पहिल्यांदा पाहिली ती अशीच. शाळेच्या ड्रेसमधली पोर, हातात चुरगळलेली चिठ्ठी, बापाच्या फिटच्या गोळ्या न्यायला आलेली. गोळ्या पिशवीत घातल्या तरी जाईना. म्हणाली, "काका, ही गोळी नेमकी काय करते?"

मी म्हटलं, "फिट येऊ देत न्हाई."

"आन् मेंदू बरा करती का?"

"नाय. तो बरा करणारी गोळी अजून निघाली नाही."

"का नाय निघाली?"

 मी गिऱ्हाईक बघायला लागलो.

तिचा बाप जानकू हा घाटघरातला हिरडा उतरवण्यात एक नंबरचा गडी. घाटघरला भात होतं, नाचणी-वरई होते, पण घरात वर्षभराची मीठमिरची येते ती हिरड्यावर. उन्हाळ्याच्या तोंडाला बाळहिरडा, म्हणजे कोवळा हिरडा, धरला की सगळं गाव झाडावर असतं. झाडं उंच, फांद्या लांब, आणि माल असतो तो नेमका शेंड्याला. जानकू माकडासारखा चढायचा. एका वर्षी फांदी कुजकी निघाली आणि तो डोक्यावर आपटला, खाली बांधाचे दगड.

पण पडल्यावर तो उठला होता. कपडे झाडले, हसला, "फांदीनं दगा दिला," म्हणाला. घरी चालत आला. चिमाबाईनं, म्हणजे प्रांजलच्या आईनं, डोक्याला हळद आणि हिरडा उगाळून लावला. जाणत्यांनी सांगितलं, झोपू द्या, आराम पडंल. तो झोपला. सकाळी हाका मारल्या तर डोळे उघडेना. तिथनं जुन्नर, जुन्नरहून पुणं. जीव वाचला. पण गेला तो जानकू परत आला नाही. उजवा हात लुळा, जिभेवर शब्द येता येता हरवायचे, आणि राग असा की ताट भिंतीवर जायचं. पूर्वी या माणसानं बैलालासुद्धा कधी काठी मारली नव्हती.

पुण्याच्या डॉक्टरनं चिमाबाईला सांगितलेलं एक वाक्य त्या पोरीनं धरून ठेवलं. डोक्याला मार बसला की पहिला घाव एका क्षणाचा असतो, पण त्यानंतर आतमध्ये सूज येते, रक्त साचतं, पेशी मरत राहतात. हा दुसरा घाव हळूहळू चालतो, आणि तो थांबवणाऱ्या औषधाच्या मागं जगभर लोक लागलेत. "उंदरांमध्ये कितीतरी औषधं चालली," डॉक्टर म्हणाला होता, "माणसांमध्ये मात्र अजून एकही टिकलं नाही."

आश्रमशाळा, मग जुन्नर, मग फार्मसीचं कॉलेज. पोरगी शिकत गेली. सोयरिकी आल्या, तिनं उंबऱ्यातनंच परतवून लावल्या. पदव्युत्तरला गेल्यावर प्रबंधासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिनं डोक्याचा मार हाच विषय मागून घेतला. तिचे मार्गदर्शक ताजणे सर म्हणाले, "तू हिरड्याच्या गावची. हिरड्याचा अर्क देऊन बघू. उंदराच्या मेंदूला त्यानं संरक्षण मिळतं का, ते तपास."

तिला हे फार आवडलं. ज्या झाडानं बाप पाडला त्याच झाडातनं औषध निघावं, असं कुणाला वाटणार नाही?

काम मात्र सोपं नव्हतं. प्राण्यांवरच्या प्रयोगाला समितीची परवानगी लागते, ती काढली. पांढरा उंदीर आधी पूर्ण बेशुद्ध करायचा. मग त्याच्या कवटीवर एक पातळ चकती बसवायची आणि उभ्या नळीतनं ठरलेल्या उंचीवरून वजन सोडायचं. पहिल्या दिवशी तिनं वजन सोडलं आणि बाहेर जाऊन ओकली. नंतर ओकली नाही, पण वजन सोडायच्या आधी उंदराच्या पाठीवरून हात फिरवायची, ते शेवटपर्यंत. घाव झाला की निम्म्यांना हिरड्याचा अर्क, निम्म्यांना नुसतं पाणी. पुढचे काही दिवस त्यांना अरुंद पट्टीवरून चालवायचं आणि पाय किती वेळा घसरतो ते मोजायचं. शेवटी बेशुद्धीतच त्यांना मारून मेंदूतली सूज बघायची.

पहिल्या खेपेचा निकाल आला आणि कॉलेजात पेढे वाटले गेले. हिरडावाले उंदीर पट्टीवरून बरेच सरळ चालले होते, पाणीवाले जास्त घसरले होते. ताजणे सरांनी ओळखीच्या बातमीदाराला फोन केला. बातमी छापून आली: घाटघरच्या कन्येनं शोधलं मेंदू वाचवणारं औषध. त्यात 'उंदीर' हा शब्द अगदी तळाला होता.

गावात तर दिवाळीच. गेणभाऊ हा आमच्या पट्ट्यातला हिरड्याचा खरेदीदार. त्यानं ते कात्रण मोठं करून पिकअपच्या काचेला चिकटवलं आणि हिरड्याची भुकटी पुड्यांत भरून 'मेंदूरक्षक' म्हणून जत्रेत विकायला काढली. मला म्हणाला, "दुकानात ठेवा राव, हातोहात जातंय." मी म्हटलं, "कागदपत्रं दाखव, मग ठेवतो." तो त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही.

भैरवनाथाच्या देवळापुढं प्रांजलचा सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. चिमाबाई पदरानं डोळे पुसत होती. सगळं आटपल्यावर घरी जानकू ओट्यावर बसला होता, त्यानं लेकीची शाल चाचपून बघितली आणि अडखळत अडखळत म्हणाला, "मंग... मला बी दे की. ते औषध."

प्रांजलच्या पिशवीत गेणभाऊनं दिलेल्या पुड्या होत्या. हात काही पुडीकडं गेला नाही. मला तिनं नंतर सांगितलं, "काका, मी रात्रभर एकच विचार करत होते. ज्या औषधासाठी मी सगळ्या गावापुढं शाल घेतली, ते माझ्या बापाला द्यायला माझा हात का उचलला नाही? म्हणजे माझाच विश्वास नव्हता."

ती कॉलेजात परतली आणि मोबाईलवर घेतलेलं सगळं चित्रण पुन्हा बघायला बसली. पट्टीवरून चालणारे उंदीर, एकामागून एक. हिरडावाल्या उंदराचा पाय जरासा निसटला होता, तिनं मोजला नव्हता. पाणीवाल्याचा तेवढाच निसटला होता, तो मोजला होता. एकदा नाही, बऱ्याच वेळा. कुणाच्या पोटात काय आहे हे तिला ठाऊक होतं आणि तिला हिरडा जिंकायला हवा होता. खोटं असं तिनं काही केलं नव्हतं. फक्त माप झुकतं पडलं होतं, आणि काट्यावर तिचंच बोट होतं.

मग तिनं समितीकडं पुन्हा अर्ज केला आणि दुसरी खेप लावली. आदेश म्हणून तिच्या वर्गातला मुलगा होता, त्याला सांगितलं, "पाण्याला अर्कासारखाच रंग दे आन् बाटल्यांवर नुसती अक्षरं टाक. कुठल्या बाटलीत काय ते तुझ्यापाशी ठेव. मी कितीबी विचारलं तरी सांगायचं नाय." उंदरांच्या चिठ्ठ्या काढून गट पाडले. वजन सोडणारी ती, औषध देणारी ती, मोजणारी ती, पण कुणाला काय दिलं हे तिलाच माहीत नाही. सगळं संपल्यावर आदेशनं अक्षरांचा उलगडा केला. हिरडावाले आणि पाणीवाले, दोघंही सारखेच घसरले होते. सूज सारखीच.

ताजणे सरांच्या केबिनमध्ये काय झालं ते आदेश दाराबाहेरून ऐकत होता, त्यानंच मला सांगितलं.

सर म्हणाले, "दुसऱ्या खेपेतले उंदीर मुळात अशक्त होते. ती खेप सोडून दे. पहिली लिही."

"अशक्त नव्हते सर. वजनं तुम्हीच बघितली होती."

"अगं, निकाल नाही आला असं लिहून काय मिळणार आहे? कोण छापणार? बातमी आली आहे, पुढचं अनुदान येतंय. आणि तुझ्याच गावाचं भलं होतंय ना?"

"गावाचं भलं असं व्हायला नको."

"प्रांजल, हट्ट करू नकोस. माझ्या सहीशिवाय प्रबंध जात नाही, हे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "सर, तुम्ही मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, इतकी औषधं उंदरात चालतात आणि माणसात पडतात, का ते कुणालाच कळत नाही. थोडं तरी मला कळलंय. जे उंदीर 'नाही' म्हणतात त्यांना आपण मोजतच नाही. मी त्यांच्या डोक्यावर वजन सोडलंय. त्यांनी जे सांगितलं ते मी खोडणार नाही. तुम्ही सही नका करू."

सरांनी खरंच सही केली नाही. प्रयोगशाळेची चावीही काढून घेतली. प्रबंध लटकला आणि ती घरी आली, ऐन बाळहिरड्याच्या हंगामात.

घरी तरी तिनं गप्प बसायचं ना? तेही नाही. ग्रामसभा होती. गेणभाऊनं ठराव मांडला की गावाच्या वेशीवर 'मेंदूरक्षक हिरड्याचं गाव' असा फलक लावावा. प्रांजल बायकांच्या रांगेतनं उठली.

"फलक लावू नका," ती म्हणाली. "मी परत तपासलं. हिरडा पोटाला चांगला हाय, सगळ्यांना म्हायती हाय. पण फुटल्या डोक्याला त्यो लागू पडत न्हाई. निदान माझ्या उंदरांत तरी न्हाई."

 मग एकच कालवा. गेणभाऊ ओरडला, "आपल्याच पोरीनं झाडाच्या मुळावर कुऱ्हाड घातली! कधी न्हाई ते हिरड्याला भाव आला व्हता."

"मी पयल्यांदा चुकले, ते बी मीच सांगतेय. शाल तुमी दिली व्हती, ही घ्या." तिनं शाल घडी करून सरपंचाच्या टेबलावर ठेवली आणि बाहेर पडली.

चिमाबाई मागनं आली.  घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आपलं बी पोट हिरड्यावरच हाय, प्रांजे." आणि पुढचे काही दिवस दोघी मायलेकी एकाच चुलीपाशी मुक्या वावरल्या. प्रांजलला हे सरांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं. पण तिनं शब्द मागं घेतला नाही. सकाळी उठून ती इतर बायकांबरोबर झाडाखाली हिरडा वेचायला जायची. कुणी टोमणा मारला की म्हणायची, "बोला, बोला. बोलण्यानं उंदीर सरळ चालणार न्हाईत."

अशाच एका दुपारी भागू पडला. भागू म्हणजे सोनीबाईचा लेक, नुकतं लग्न झालेला गडी. वरच्या अंगाला झाडावरून निसटला आणि कानाच्या वर दगड लागला. तोही जानकूसारखाच उठला. चालत खाली आला, गेणभाऊचा काटा जिथं लागतो तिथं पिंपळाखाली बसला आणि म्हणाला, "काय झालं न्हाई, जरा गरगरतंय." गेणभाऊनं मोठ्या मनानं भुकटीचा काढा करून पाजला. वाईट हेतू नव्हता त्याचा, हे मी मुद्दाम सांगतो. त्याचा स्वतःच्या कात्रणावर खरंच विश्वास बसला होता.

प्रांजल पाटी घेऊन खाली आली तेव्हा भागू ओकून आडवा झाला होता. सोनीबाई पदरानं वारा घालत होती. "झोप लागली त्याला, उठवू नगं," ती म्हणाली.

प्रांजलनं त्याला गदागदा हलवलं. भागूनं डोळे अर्धे उघडले, काहीतरी बरळला. तिनं बोटांनी पापण्या वर केल्या. एका डोळ्याची बाहुली बारीक, दुसऱ्याची मोठी.

"ही झोप न्हाई," ती म्हणाली. "आत रक्त साचतंय. आत्ताच्या आत्ता न्यायचं."

कुणीतरी अँब्युलन्सला फोन लावायला टेकाडावर पळालं, पण रेंज सापडेपर्यंत आणि गाडी घाट चढून येईपर्यंत किती वेळ जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. समोर गेणभाऊची पिकअप उभी होती, हिरड्याच्या गोण्यांनी शिगोशीग भरलेली, दोरखंडानं आवळलेली.

"गेणभाऊ, गाडी खाली करा."

"अगं, काढा दिलाय आत्ताच. जरा वाट तर बघ. हे पोतं पोतं उतरवायला..."

"माझ्या बापाला बी असंच झोपू दिलं व्हतं!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की झाडावरची माणसं खाली बघायला लागली. तिनं कमरेचा कोयता काढला, दोरखंडावर घातला आणि गाडीवर चढून पहिली गोणी खाली ढकलली. गोणी फुटली, हिरडा धुळीत पसरला.

"माल कोण भरून देणार?" गेणभाऊ पुढं आला.

"माझं नाव सांगा. पोलिसात सांगा, पंचायतीत सांगा. मी फेकतेय."

तेवढ्यात गाडीच्या दुसऱ्या बाजूनं एक गोणी खाली आली. चिमाबाई होती. लुगड्याचा काष्टा आवळून ती चाकावर पाय देऊन चढली होती. लेकीकडं बघितलंही नाही तिनं, नुसती गोणीला हात घालून म्हणाली, "ओढ." मग झाडावरची माणसं उतरली, सगळ्यांनी हात लावला आणि गाडी बघता बघता रिकामी झाली. गेणभाऊ क्षणभर सांडलेल्या मालाकडं बघत उभा राहिला. मग दार उघडून स्टेअरिंगवर बसला आणि म्हणाला, "पोराचं डोकं मांडीवर धरा. घाटात दणके बसतील."

आपटाळ्याच्या अलीकडं रेंज आल्यावर प्रांजलनं मला फोन केला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "काका, जुन्नरच्या दवाखान्यात कळवा. डोक्याला मार, एक बाहुली मोठी, शुद्ध जातेय. पुढं न्यायला गाडी तयार ठेवा म्हणावं." मी कळवलं. पिकअप माझ्या दुकानावरून गेली ती मी पाहिली. मागं प्रांजल भागूच्या गालावर चापट्या मारत होती आणि त्याला शिव्या देत होती, अगदी अस्सल घाटघरी शिव्या, जागं ठेवायला.

जुन्नरला तपासून लगेच पुढं पाठवला. पुण्यात कवटी उघडून साचलेलं रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. भागू पंधरवड्यानं घरी आला. एका कानानं कमी ऐकतो आणि झाडावर चढत नाही, पण भाताची लावणी करतो, बायकोशी भांडतो, माझ्याकडं उधारी ठेवून ती विसरल्याचं सोंग करतो. म्हणजे डोकं शाबूत आहे.

गेणभाऊनं माफी वगैरे मागितली नाही. पुड्या विकायच्या मात्र बंद केल्या, आणि काचेवरचं कात्रण एके दिवशी दिसेनासं झालं.

प्रबंधाचं पुढं असं झालं की प्रांजल प्राचार्यांच्या दारात जाऊन बसली, मार्गदर्शक बदलून द्या म्हणून. आधी त्यांनी टाळलं, मग समजावलं, मग वैतागले. ही रोज हजर. अखेर कॉलेजातल्या एका प्राध्यापक बाईंनी तिला आपल्याकडं घेतलं. दोन्ही खेपा, पहिली कशी चुकली आणि दुसरी कशी लावली, सगळं लिहून तिनं प्रबंध दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "औषध चाललं नाही. मग एवढे प्राणी मारून तुम्ही काय मिळवलं?"

ती म्हणाली, "सर, पहिलीच खेप लिहिली असती तर ते उंदीर फुकट गेले असते. आता नाही गेले. हिरड्यावर पुढं कुणी अजून उंदीर मारायच्या आधी हे वाचेल."

परीक्षकांनी बराच वेळ पानं चाळली. मग म्हणाले, "वाचायला मिळालं पाहिजे लोकांना. छापा." तिनं तीन संशोधन-मासिकांकडं पाठवलं, दोघांनी नाकारलं, तिसऱ्यानं छापलं. आदेशचं नाव तिनं आपल्या शेजारी घातलं. ताजणे सर कॉलेजच्या जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "फार हट्टी आहेस तू." ती "हो सर," म्हणाली आणि बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

आता ती पुण्यात एका संशोधन संस्थेत आहे. काम तेच, डोक्याचा मार आणि औषधं. घाटघरला दर हंगामात येते, आणि शाळेच्या पटांगणात सगळ्या उतरवणाऱ्यांना बसवून दटावते: पडलेला माणूस बोलत असला, हसत असला, तरी आधी गाडीत घाला, मग बोला. जानकू त्या बैठकीत पुढं बसतो. त्याला सगळं कळतं असं नाही, पण कुणी मध्येच बोललं की डावा हात वर करून त्याला गप्प करतो.

मागच्या रविवारी ती बापाच्या गोळ्या न्यायला दुकानात आली होती. मी चहा मागवला. म्हणाली, सध्या एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे, बाटल्यांवर अक्षरं आहेत, उलगडा अजून व्हायचाय.

मी विचारलं, "तुला काय वाटतं? चालंल?"

"मला म्हायती नाय, काका. आन् आत्ता म्हायती असू बी नये."

तेवढ्यात जुन्नरची एसटी आली. तिनं चहा घाईनं बशीत ओतून संपवला, गोळ्यांची पिशवी घाटघरला निघालेल्या, आईच्या ओळखीच्या माणसाकडं दिली आणि गाडीच्या मागं हात करत पळाली.